दहावीनंतर द्विलक्षी की आयटीआय? घरात दोन्ही झाल्यावर लिहितोय

दहावीनंतर नुसती पुस्तकी अकरावी-बारावी नको, पोराच्या हातात काहीतरी यायला हवं, एवढं ज्यांचं घरात ठरलंय आणि आता द्विलक्षी (म्हणजे बायफोकल, अकरावी-बारावीतच एक व्यवसाय विषय घेणं) की आयटीआय ह्यावर अडलंय त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे दोन्ही झालंय. भाचा सायन्सला इलेक्ट्रॉनिक्स द्विलक्षी घेऊन बारावी झाला, आणि नंतर माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा तिचे मार्क दोन्हीकडे चालतील असे होते, तिने आणि आम्ही मिळून आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला. डिप्लोमा मुद्दाम बाजूला ठेवतोय, कारण बांद्र्याचं गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निक किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय मिळत असेल तर घरात वाद होतच नाही.

आधी द्विलक्षी, कारण ती खरंच वाईट नाहीये. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो, त्याच्या जागी २०० मार्कांचा व्यवसाय विषय येतो. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स जागच्या जागी, त्यामुळे सीईटी देऊन इंजिनीअरिंगला जायचा रस्ता सरळ. शिवाय ह्या विषयात मार्क बरे पडतात, भाच्याची टक्केवारी ह्याच विषयाने वर नेली हे मी नाकारणार नाही. ज्या मुलाला इंजिनीअरच व्हायचंय आणि बायोलॉजीचं तोंड बघायचं नाहीये त्याला कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स चांगल्या कॉलेजात मिळत असेल तर घेऊन टाकावं. फक्त ते घेताना हाताने शिकायला मिळेल म्हणून घेऊ नका, मार्कांसाठी घ्या. हे मी का म्हणतोय ते सांगतो.

मला खटकलं ते जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं. सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात भाचा आमच्याकडे मुक्कामाला यायचा, त्यांच्या घरी जागा नाही म्हणून, आणि सोबत गेल्या वर्षीच्या कोणत्यातरी मुलाचं जर्नल असायचं. एका बाजूला ते उघडं, दुसऱ्या बाजूला ह्याचं कोरं, आणि रात्री उशिरापर्यंत उतरवणं चालू. आकृती, कृती, निष्कर्ष उतरवले तर मी समजू शकतो, पण रीडिंग पण उतरवायचा. डायोडला एवढे व्होल्ट दिले तर एवढे मिलिअँपिअर आले, हे आकडे त्याने कधी मीटरवर बघितलेलेच नाहीत, आणि ज्याचं जर्नल होतं त्याने तरी बघितले होते का देव जाणे. मग त्या आकड्यांवरून ग्राफ काढायचा, तो छान गुळगुळीत यायचा, सरांची सही व्हायची.

मी स्वतः लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे मीटर न लावता रीडिंग लिहिणारा माणूस एक दिवस ठेवत नाहीत, कारण ब्रेकचं किंवा सेफ्टी सर्किटचं चेकिंग न करता रजिस्टरवर टिक मारली तर त्याच लिफ्टमधून संध्याकाळी आजी-आजोबा आणि शाळेची पोरं जाणार असतात. त्यामुळे सोळा वर्षांच्या पोराला न घेतलेलं रीडिंग लिहायची सवय लागतेय आणि त्याबद्दल मार्क मिळतायत हे मला फार लागलं. पोराचा दोष नाही ह्यात. त्याच्या शिक्षकांनाही मी दोष देत नाही, एका बॅचला मुलं किती, सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) किती, आणि आठवड्यातले प्रॅक्टिकलचे तास किती. वरून अर्धा वर्ग क्लासला. कॉलेज फक्त नावाला आणि दिवसभर कोचिंग, हा प्रकार एवढा वाढला होता की २०१८ मध्ये सरकारला सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी आणायला लागली. हजेरी लागते हो, पण मुलाचं डोकं सीईटीत असतं, आणि प्रॅक्टिकल हे उरकायचं काम होऊन बसतं. सगळ्या कॉलेजांत असंच असेल असं मी म्हणत नाही, मनापासून करून घेणारे सर नक्की असतील. मी दोन वर्षं जवळून बघितलं ते हे.

आता आयटीआय. त्यांच्या सिलॅबसमध्ये वर्षाचे १२०० तास धरलेत, त्यातले ८४० तास ट्रेड प्रॅक्टिकलचे. हे तास कागदावर असले तरी दिवसभर वर्कशॉपमध्ये उभं राहायचं असल्याने बरेचसे खरेच होतात, हजेरी ८० टक्के लागते ती वेगळी. एका तुकडीत २० मुलं आणि त्यांच्यावर एक निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे सर. मुलीला मिळालेले निदेशक आधी बाहेर पॅनल वायरिंगची कामं करायचे, त्यामुळे कोणती चूक साइटवर महागात पडते ते त्यांना पाठ. पहिल्या वर्षी इलेक्ट्रिशियनच्या मुलांना पण हॅक्सॉ आणि कानस हातात देतात. मुलीने लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणला, सरांनी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला, फटीतून उजेड दिसला, जॉब, म्हणजे तो तुकडा, परत. पुन्हा घासला, पुन्हा उजेड, पुन्हा परत. घरी आली तेव्हा हाताला फोड आणि डोळ्यात पाणी, आणि तिच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दिवस गप्प होतो. पण तो जॉब शेवटी तिनेच पूर्ण केला. गेल्या वर्षीच्या मुलाचा तुकडा आणून दाखवायची तिथे सोयच नाही, कारण सर तुमच्यासमोर उभे आहेत आणि गुण्या त्यांच्या हातात आहे.

पुढे वायरचे जॉइंट, बोर्डावर हाउस वायरिंग, अर्थिंग, मेगरने इन्सुलेशन बघणं, दुसऱ्या वर्षी मोटर वायंडिंग आणि स्टार-डेल्टा स्टार्टर. आता आमच्या मजल्यावर कोणाचा मेन ट्रिप झाला की तिला हाक मारतात आणि ती आधी टेस्टर लावते, मग बोलते. एवढ्यानेच माझं मत बनलंय म्हणा, मी काही दोन्हीकडच्या शंभर मुलांची तुलना केलेली नाही.

आयटीआयच्या अडचणी लपवत नाही. मुंबईत मुलुंड, कुर्ला, लोअर परळ, बोरिवली अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत, दादरला मुलींचं वेगळं आहे, पण कुठल्या ट्रेडला कायमचे निदेशक आहेत आणि कुठे तासिका तत्त्वावर भागवतायत ह्यावर सगळं ठरतं. काही मशिनं जुनी असतात. भाषा आणि गणिताचा सराव मागे पडतो, तो घरी करून घ्यावा लागतो, आम्ही अजून घेतोय. आणि नातेवाईक. मुलीला आयटीआयला का घातलं, नापास झाली का, असं तोंडावर विचारणारे भेटले. तिला पहिले काही महिने त्याचा त्रास झाला, मग बंद झाला. तुमच्या मुलाला हे बोलणं झेपणार नसेल तर तेही धरून विचार करा, त्यात कमीपणा नाही.

पुढचं शिक्षण बंद होतं ही भीती मात्र काढून टाका. दोन वर्षांचा ट्रेड पास झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे, सीईटीसारखी सरळ नाही, पण वाटेत प्रत्येक टप्प्यावर हातात कमवायचं साधन असतं. आणि मुंबईत राहणाऱ्याला अ‍ॅप्रेंटिसशिप हा मोठा फायदा आहे जो आपण नीट धरत नाही. परळ, माटुंगा, लोअर परळची रेल्वे वर्कशॉप, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, हे सगळे अ‍ॅप्रेंटिस घेतात, स्टायपेंड देतात, आणि तिथे वर्षभर जुन्या कारागिराच्या बाजूला उभं राहून जे शिकायला मिळतं ते कुठल्या कॉलेजात नाही. रेल्वेत अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

अजून एक आठवलं म्हणून सांगतो. डॉ. कलबाग मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम काढला, तिथे मुलं वेल्डिंग, शेती, वायरिंग अशी गावाला लागणारी खरी कामं करत शिकतात. म्हणजे हा विचार आपल्याकडे नवीन नाही, महाराष्ट्रात चाळीस वर्षांपूर्वीपासून चालू आहे, आपण शहरातले लोक त्याला आपल्या मुलांसाठी धरत नाही एवढंच.

तेव्हा माझं मत असं, मुलाला इंजिनीअरिंगच करायचंय आणि तो अभ्यासात बसतो, तर द्विलक्षी. मुलगा घरातला मिक्सर उघडून बसणारा असेल, वहीपेक्षा पकडीत रमणारा असेल, तर मी आयटीआयकडे झुकेन, आणि खरं सांगायचं तर पहिल्या प्रकारच्या मुलाच्या बाबतीतही मी एकदा आयटीआय बघून या म्हणेन.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म वेगळा आणि आयटीआयचा वेगळा, दोन्ही भरून ठेवा. कन्फर्म करायच्या आधी दोन्हीकडे वर्किंग डेला दुपारी जा, ओपन हाउसच्या दिवशी नको. कॉलेजात गेल्या वर्षीची दोन-तीन जर्नल मागा आणि रीडिंगचे आकडे शेजारी ठेवून बघा, सगळ्यांचे दशांशापर्यंत सारखे असतील तर समजून जा. आयटीआयत वर्कशॉपमध्ये घुसा, पॅनलवर धूळ आहे का बघा, मुलांनी केलेले जॉब मागा, आणि निदेशक कायमचे आहेत का, आधी बाहेर कुठे काम केलंय, हे त्यांनाच विचारा. चांगला निदेशक ह्या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुर्ची देतो आणि सांगत बसतो. इलेक्ट्रिशियनला नंबर लागला नाही तर वायरमन बघा, तोही दोन वर्षांचा आहे, आणि दोन्ही फॉर्म भरताना मुलाला सोबत न्या.