जठराचे दोन दुर्मीळ कर्करोग: हेपॅटॉइड आणि लिम्फॉइड स्ट्रोमाचा
लक्षणांवरून दोघांत फरक करता येत नाही. पोटदुखी, भूक मंदावणं, वजन घटणं, काळी शौचास होणं, सगळं तेच. खरा फरक बायोप्सीत कळतो. हेपॅटॉइडच्या पेशी चक्क यकृताच्या पेशींसारख्या दिसतात आणि बहुतेकदा रक्तातलं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारं प्रथिन) वाढवतात. त्यात यकृतातही गाठ सापडली, की मूळ रोग यकृताचाच समजण्याची चूक सहज होते. फसवाच प्रकार! यकृतात तो लवकर पसरतो, त्यामुळे रोगाचं भवितव्य सहसा वाईट.

दुसऱ्यात, म्हणजे लिम्फॉइड स्ट्रोमाच्या कर्करोगात, कर्कपेशींभोवती लिम्फोसाइट्सची (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) दाटी असते, बहुतेक रुग्णांत एप्स्टाइन-बार विषाणूही सापडतो. लसिकाग्रंथींत तो कमी पसरतो. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या जठर-कर्करोगापेक्षा रुग्ण जास्त जगतात.