आयोवा सिटीत राहिल्यावर

उन्हाळा, पानगळ आणि हाडं गोठवणारा हिवाळा, तिन्ही इथं काढले. वाचायची आणि पायी हिंडायची आवड असेल तर अमेरिकेतल्या आयोवा सिटीला खुशाल या, असं माझं मत झालंय.

वस्ती जेमतेम पाऊण लाख. १८३९ मध्ये हे गाव वसवलं तेच मुळी आयोवा टेरिटरीची (राज्य होण्याआधीच्या आयोवा प्रदेशाची) राजधानी म्हणून. १८५७ मध्ये राजधानी डे मॉइनला गेली आणि रिकामं झालेलं विधानभवन विद्यापीठाकडे आलं. सोनेरी घुमटाची ती ‘ओल्ड कॅपिटल’ आजही गावाच्या मधोमध उभी आहे. राजधानी गेली तरी गाव ओस पडलं नाही, ते विद्यापीठामुळे. विद्यापीठही असं की १८५५ पासून मुलामुलींना बरोबरीनं प्रवेश. सरकारी विद्यापीठांत हा मान देशात पहिला. वर्गातून निघून रस्ता ओलांडला की बाजारपेठ लागते.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते इथलं लेखकांचं येणं-जाणं. विद्यापीठातलं लेखन शिकवणारं रायटर्स वर्कशॉप १९३६ पासूनचं. १९६७ मध्ये कवी पॉल एंगल आणि कादंबरीकार न्ये ह्वालिंग यांनी आंतरराष्ट्रीय लेखकांचा उपक्रम सुरू केला. आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात त्यासाठीच इथं होते, हे आठवलं की या रस्त्यांवरून चालताना फार आपलं वाटतं. ‘प्रेअरी लाइट्स’ या पुस्तकांच्या दुकानात अभिवाचनं होतात, फुकट. एकदा माझ्या शेजारी बर्फात घालायचे बूट घातलेले एक आजोबा बसले होते. कविता संपेपर्यंत ते वहीत काही ना काही टिपत होते, आणि शेवटी पहिला प्रश्न त्यांनीच विचारला. युनेस्कोनं २००८ मध्ये या गावाला ‘साहित्यनगरी’ म्हटलं ते अगदी योग्य.

त्याच वर्षी जूनमध्ये नदीला मोठा पूर आला. हॅंचर नाट्यगृह कायमचं गेलं. नवं, उंचावरचं, २०१६ मध्ये उघडलं. जॅक्सन पोलॉकचं ‘म्युरल’ हे भिंतभर चित्र वेळेत हलवलं म्हणून वाचलं. आता ते स्टॅन्ली संग्रहालयात बघता येतं, तिकीट नाही.

विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या शनिवारी मात्र घराबाहेर पडताना विचार करा. किनिक स्टेडियममध्येच सुमारे सत्तर हजार माणसं मावतात, म्हणजे जवळपास अख्खं गाव! पण एकदा तरी सामना बघाच. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळतं आणि वरच्या मजल्यावरच्या आजारी मुलांना हात हलवतं. पाहुण्या संघाचे खेळाडूही त्यात असतात. माझे डोळे भरून आले.

गाडी नसली तरी गावात अडत नाही. विद्यार्थीच चालवत असलेली विद्यापीठाची बससेवा ‘कॅम्बस’ १९७२ पासून सगळ्यांना मोफत आहे. थंडीत तिचाच आधार.

खरा त्रास घराचा. बहुतेक करार जुलैअखेर संपतात आणि नवे ऑगस्टमध्ये सुरू होतात, मधले काही दिवस सामान कुठं ठेवायचं हा प्रश्न पडतो. मालकाशी हे आधीच बोलून घ्या, आणि चालत जाण्याजोगं घर हवं असेल तर आदल्या पानगळीतच शोधायला लागा.