‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला मी ३८,५०० रुपये दिले

येरवड्यात चौदा महिन्यांची शिक्षा भोगून सुटलेल्या आणि गर्द सोडून वर्ष उलटलेल्या माणसाला कोणी सहज गंडवू शकणार नाही, असा माझा समज होता. कारण पुडीच्या पैशांसाठी मी स्वतःच इतक्या लोकांना गंडवले होते की त्या विद्येतले सगळे डाव मला पाठ होते. तो समज मला ३८,५०० रुपयांना पडला.

शिक्षा चोरीची होती, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खालची. सुटल्यावर एका पार्सल कंपनीच्या गोदामात काम ठरले, पण तिथे पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले आणि गाडी अडली. अशा वेळी ‘आत आपली ओळख आहे’ म्हणणारा माणूस कुठून तरी उगवतोच. माझा उगवला तो व्यसनमुक्तीच्या एका स्वमदत गटाच्या सभेबाहेर, चहाच्या टपरीवर. (गटाचा यात काडीचा दोष नाही. तिथे फी नसते, कोणी कोणाकडे पैसे मागत नाही. जो मागतो त्याच्यापासून चार हात दूर राहा.) “किती दिवस क्लीन?” हा त्याचा पहिला प्रश्न होता. टर्कीत, म्हणजे नशा तोडल्यावरच्या त्रासात, हाडे कशी कडाकडा मोडतात हे त्याने असे सांगितले की आपलाच माणूस भेटला असे वाटले. आपणही येरवड्यात दोन वर्षे काढली आणि आता रेकॉर्ड कोरे आहे, असे तो म्हणाला.

‘फाइल उघडायला’ ३,५००, वकिलाला १२,०००, ‘कोर्टाचा खर्च’ म्हणून १८,००० आणि कागद हातात देताना ५,००० असे पैसे त्याने घेतले. त्यातले १८,००० आईने भिशीतून उचलले होते. पहिल्या दोन रकमा फोनवरून गेल्या, त्याही भलत्याच एका बाईच्या नावावर. पुढचे सगळे रोख. पैसे घेणाऱ्याचे नाव समोरच्या माणसाच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा.

मी अगदीच आंधळा नव्हतो. त्याने प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट, १९५८ चे कलम १२, म्हणजे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागू होत नाही असे सांगणारे, मोबाइलवर उघडून दाखवले होते. कलम खरेच आहे. पण ज्यांना न्यायालय तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडते, त्यांच्यासाठी ते आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. हे मला नंतर कळले.

जे तेव्हाच कळले होते, ते मात्र अजून झोप लागू देत नाही. दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, “रात्री दिवे मालवले की बराकीत घरची फार आठवण यायची.” बराकीतले दिवे रात्री मालवत नाहीत. चौदा महिने मी डोळ्यांवर रुमाल बांधून झोपलो आणि घरी आल्यावर कितीतरी रात्री मला अंधारात झोप येईना. ते वाक्य ऐकताच मी कप खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिले, मान हलवली आणि तिथेच बसून १२,००० रुपये पाठवले. घरात मी आलो की लोक पाकिटे उचलून ठेवत होते; मला दुसऱ्या कोणाशी तसे वागायचे नव्हते.

गोदामातल्या मुलीने प्रमाणपत्रावरचा कोड स्कॅन केला तेव्हा काहीच उघडले नाही. घरी येऊन शिक्क्यावर ओले बोट घासले, तर शाई पसरली नाही. शिक्कासुद्धा छापलेला होता. कामही गेले.

लाजेपायी मी नऊ दिवस गप्प बसलो. तुम्ही नऊ तासही बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवले तर पुढच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. मला फक्त तक्रार क्रमांक मिळाला. चौकीत पहिला प्रश्न आला, “आडनाव काय त्याचे?” आमच्या सभेत फक्त पहिले नाव सांगतात, म्हणून मी कधी विचारलेच नव्हते. हवालदाराने मग त्याचे नाही, माझेच नाव संगणकात घातले, पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, “हे तुम्हीच ना?” वरून सुनावले की साहेबांना द्यायला पैसे दिले असतील, तर लाच देणारा म्हणून मीच आत जाईन. बँक म्हणे पोलिसांचे पत्र आणा, चौकी म्हणे बँकेचा उतारा आणा. उतारा नेला तर त्यावर बँकेचा शिक्का हवा. चार खेपांत माझ्या चार रोज्या बुडाल्या, गुन्हा मात्र नोंदवला नाही. चोरी मी केली तेव्हा हीच यंत्रणा दोन तासांत माझ्या दारात आली होती.

चौकीने हाकलले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. हे मला विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फुकट सांगितले गेले. त्या संध्याकाळी पाय जुन्या अड्ड्याकडे वळले होते, तेव्हा १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन लावली. एवढी एकच गोष्ट मी वेळेवर केली.

आत शिकलेल्या सुतारकामावर आता रोजी मिळते, आणि त्या मालकाने कोणताही कागद मागितला नाही. आईचे १८,००० दरमहा २,००० प्रमाणे फेडतो आहे. सहा हप्ते झाले, तीन उरले. ती दर वेळी नोटा दोनदा मोजून घेते.