भिगवणची सहल: बोटीतून की काठावरून?

रोहित (फ्लेमिंगो) पाहायला चाळीस मुलांची बस भिगवणला न्यायची ठरली की पुढचा प्रश्न येतोच: कुंभारगावात बोटी घ्यायच्या की काठावरूनच पाहायचं? पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, पहाटे पाचला निघणं, सोलापूर रस्त्यावरचा नाश्ता, हे दोन्हींत सारखंच. फरक पडतो तो शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये.

बोटीची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. पाण्यावर जायला मिळालं की मुलं खुलतात. चिखलात चालणं न जमणाऱ्या आजी-आजोबांना तर दुसरा मार्गच नाही. नाव चालवणारे दादा बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरातले. चिलापी कुठे लागते आणि चक्रवाक कुठे उतरतात, दोन्ही त्यांना पाठ. उजनी धरणाच्या पाण्यात या काठच्या गावांच्या जमिनी गेल्या. त्याच पाण्यावर त्यांना चार पैसे मिळत असतील तर ते मिळायलाच हवेत.

तरीही आमचं मत काठाच्या बाजूने गेलं, आणि कारण एकच: हलत्या बोटीत स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण) लागत नाही. त्याचं तिकाटणं (ट्रायपॉड) फळीवर ठेवलं तरी कोणी कूस बदलली की पक्षी चौकटीबाहेर. मग उरते दुर्बीण. तीही आठ पटींची बरी, दहा पटींची हातात थरथरते. सहा-सात मुलांत एक दुर्बीण असेल तर बाकीचे म्हणतात, ‘दादा, अजून थोडं जवळ.’ दादा जवळ नेतात. चाळीस मुलांच्या सहा बोटी होतात. त्यातली एक पुढे सरकली की मागच्या पाचही सरकतात.

रोहित आधी इशारा देतो. चरताना त्याची मान खाली आणि चोच उलटी पाण्यात असते. चिखल ढवळायला पाय जागच्या जागी आपटत असतात. बोट जवळ आली की आधी माना वर होतात, मग सगळा थवा एकाच दिशेला चालू लागतो, मग पंख उघडतात. गुलाबी पंखांचा तो थवा फोटोत छान येतो. पण उलटी चोच पाणी कशी गाळते हे मुलांनी पाहिलेलंच नसतं. धडा तिथेच बुडतो आणि पक्ष्याची न्याहारीही. बोट घेतलीच तर नियम एवढाच: माना वर झाल्या की तिथेच थांबायचं, इंजिन बंद. कुरवांना (सीगल) फरसाण टाकू द्यायचं नाही.

काठावरची तयारी मात्र नीट करावी लागते. एका स्कोपवर एका मुलाला पाऊण मिनिट धरा. चाळीस मुलं म्हणजे एका पक्ष्याला अर्धा तास, तोवर मागची मुलं एकमेकांवर चिखल उडवू लागतात. म्हणून स्कोप दोन हवेत. एकाचं तिकाटणं पूर्ण आखूड, पाचवीच्या मुलाच्या डोळ्याला येईल असं. तिकाटण्याचे पाय गाळात रुततात, तेव्हा ते फाकवून मधल्या दांड्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगायची. मुलं हटकून नळी धरून पाहतात आणि पक्षी हरवतो. ‘हात पाठीमागे’ हे आधीच सांगा. एक डोळा मिटणं लहानांना जमत नाही. तो तळहाताने झाकायला सांगा. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कड खाली फिरवायची. उन्हं चढली की पाण्यावर हवा थरथरते आणि साठ पटींत नुसती गुलाबी लापशी दिसते. पंचवीस-तीस पटींवर थांबलेलं बरं. सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा. उजनीचा गाळ वरून भेगाळलेला, आत लोण्यासारखा असतो, तेव्हा गुरांच्या पावलांच्या वाटेनेच उतरा.

दोघांतली निवड खरी चालते ती डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. त्यानंतर, आमच्या मते, निवड करायचीच नाही. पाणी उतरतं, मधली मातीची बेटं उघडी पडतात आणि नदी सुरय (रिव्हर टर्न) हा पक्षी तिथे नुसत्या खळग्यात दोन-तीन अंडी घालतो. अंडी अगदी मातीच्या रंगाची, बुटाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. हा पक्षी आता धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत असुरक्षित गटात आहे. भर उन्हात तो अंडी उबवत नाही, त्यांच्यावर सावली धरतो. पोटाची पिसं भिजवून आणतो आणि पुन्हा बसतो. बेटावर कोणी उतरलं की तो उठून डोक्यावर ओरडत घिरट्या घालतो. तेवढ्या दहा मिनिटांत अंडी तापतात, नाहीतर कावळा साधतो. पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आयतीच पोचतात. त्यात आपली भर नको. शिवाय उन्हाळ्यात वारा अचानक उठतो. मे २०२४ मध्ये उजनीच्याच पाण्यात कळाशी-कुगाव दरम्यान वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. कोणत्याही महिन्यात लाइफ जॅकेट नसेल तर मुलांना बोटीत बसवू नये.

काठ निवडला म्हणून दादांचं उत्पन्न बुडायला नको. दोन तास काठावर मुलांबरोबर थांबून माहिती सांगायचे पैसे त्यांना बोटीइतकेच द्या. जाळ्यांबद्दल ते जे सांगतात ते शाळेतल्या कुठल्या बाईंना सांगता येणार नाही.

काठ हरतो तो एकाच वेळी: थवा किलोमीटरभर आत चरत असेल तर स्कोपमध्येही ठिपकेच दिसतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करताना ‘पक्षी आलेत का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘काठापासून किती लांब चरतायत’ असं विचारा.