जोडीतले दुसरे नाव : वास्कोतील एका मोफत सल्ला केंद्राचा अनुभव

वास्को शहरात स्थलांतरित स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका मोफत कायदेविषयक सल्ला केंद्रात गेल्या सात महिन्यांत मी नऊ वेळा जाऊन आले. माझे स्वतःचे काही काम नव्हते. आमच्या इमारतीत धुणी-भांडी करणाऱ्या अक्काला सोबत म्हणून मी जात असे. ती मूळची उत्तर कर्नाटकातली. मी तिला अक्का म्हणते आणि ती मला बाई म्हणते, कारण तिच्या दोन्ही मुली माझ्या मराठी प्राथमिक शाळेत शिकल्या. केंद्राचे नाव आणि पत्ता येथे मी मुद्दाम देत नाही. तिथे येणाऱ्या कित्येक जणी घरी न सांगता येतात, आणि जिन्यावर कुणी ओळखीचे दिसले तर पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही या सेवेबद्दल लिहिले पाहिजे असे वाटले, कारण अशी सोय आहे हेच गोव्यातील बहुतेक घरमालकिणींना आणि त्यांच्याकडे राबणाऱ्या बायकांना ठाऊक नसते.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत दोन बाकडी, पाण्याचा माठ आणि एक टेबल. आतल्या खोलीत वकीलबाई बसतात. पहिल्या दिवशी टेबलामागच्या तरुण मुलीने कन्नडमध्ये नाव विचारले तेव्हा अक्काने सवयीने नवऱ्याचे नाव सांगितले. मुलगी शांतपणे म्हणाली, "त्यांचे नको, तुमचे सांगा." अक्काने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग हळू आवाजात आपले नाव सांगितले. त्या वेळी मला यात विशेष काही वाटले नव्हते. पुढे तिचे एकेक कागद पाहताना लक्षात आले, की सोळा वर्षे गोव्यात राबलेल्या या बाईचे नाव इथल्या कोणत्याच कागदावर पहिले नाही. खोलीची भाडेपावती नवऱ्याच्या नावाने, भाडेकरू पडताळणीचा अर्ज नवऱ्याच्या नावाने आणि बँकेचे खातेही त्याचेच. गावाकडच्या रेशनकार्डावर मात्र कुटुंबप्रमुख बाईच आहे, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरवले आहे. पण ती बाई म्हणजे अक्काची सासू.

तिचे मुख्य काम मजुरीचे होते. घरकामाला लागण्यापूर्वी ती आणि तिचा नवरा एका इमारतीच्या बांधकामावर बिगारी म्हणून जात होते. तिथल्या हजेरीच्या वहीत नवऱ्याचे नाव आणि त्याच्यापुढे केवळ 'जोडी' एवढाच शब्द लिहिलेला असे; मजुरीही दोघांची मिळून नवऱ्याच्याच हातात पडत असे. शेवटच्या ३८ दिवसांचे पैसे कंत्राटदाराने दिले नाहीत आणि नंतर त्याने फोन उचलणेही बंद केले. अक्काकडे पुरावा म्हणून होती ती धाकट्या मुलीची जुनी गणिताची वही. तिच्या मागच्या पानांवर तिने भरलेल्या प्रत्येक दिवसाची एक उभी रेघ ओढली होती, अर्ध्या दिवसाची अर्धी रेघ, आणि रात्री उशिरापर्यंत सिमेंटच्या गोणी उतरवल्या त्या दिवसाच्या रेघेभोवती एक गोल. तिला लिहिता येत नाही. वकीलबाईंनी ती वही पुढे-मागे करून दोनदा पाहिली, गोल कशाचे ते विचारून घेतले, आणि प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून मूळ वही तिच्याच हातात परत दिली. ज्या वहीला मी स्वतः फारसे महत्त्व दिले नसते, तिच्याकडे त्या ज्या गांभीर्याने पाहत होत्या, तेवढ्यावरूनच या केंद्राबद्दल माझे मत चांगले झाले.

पुढचा मुद्दा वाचकांनी नीट समजून घ्यावा, कारण तो पुष्कळांच्या कामाचा आहे. कंत्राटदार सापडत नाही म्हणून पैसे बुडाले असे आपण धरून चालतो. पण १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून नियम असा आहे, की कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम चालले होते त्या मूळ मालकाने ती द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. म्हणूनच वकीलबाईंचे प्रश्न कंत्राटदारापेक्षा इमारतीबद्दल अधिक होते: पाटीवर काय लिहिले होते, गाडीतून पाहणीला कोण येत असे, सिमेंटच्या पावतीवर कुणाची सही होती. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात कंत्राटदारामार्फत आणलेला मजूरच बसत असे. अक्कासारखी माणसे आपल्याच नात्यागोत्याच्या ओळखीने येतात, त्यामुळे तो कायदा त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही. २०२० च्या कामगारविषयक संहितेने आपणहून आलेल्या मजुराचाही व्याख्येत समावेश केला आहे. व्याख्या रुंद झाली ही चांगली गोष्ट आहे. पण मजुरांच्या नोंदीत 'जोडी' हाच शब्द राहणार असेल तर त्या जोडीतली बाई व्याख्येच्या बाहेरच राहते.

दोन नोटिसा गेल्या आणि कामगार अधिकाऱ्यांसमोर एक बैठक झाली, त्यानंतर इमारतीच्या मालकाचे कार्यालय पैसे देण्यास तयार झाले. सगळी रक्कम नवऱ्याच्या खात्यावर टाकतो, असे त्यांचे म्हणणे पडले. अक्काच्या नवऱ्यालाही त्यात काही गैर वाटले नाही, घर एकच तर आहे, असे तो म्हणाला. वकीलबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या अक्काकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा." अक्का बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माझे दिवस मी मोजलेत." रक्कम दोन भागांत द्यायची असे त्या दिवशी ठरले. तिचे खाते उघडण्यात तीन आठवडे गेले, कारण सिमेंटने आणि नंतर भांड्यांच्या साबणाने झिजलेल्या तिच्या बोटांचा ठसा यंत्र घेईना. केंद्रातली मुलगी तीनदा तिच्याबरोबर बँकेत गेली. ही धावपळ कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नाही, परंतु माझ्या मते केंद्राची खरी सेवा हीच आहे.

एका बाबतीत मात्र मी केंद्राशी सहमत नाही. त्याच कामासाठी अक्काला नवऱ्यापेक्षा रोज शंभर रुपये कमी धरले जात होते. समान कामाला समान वेतन देण्याचा नियम १९७६ च्या कायद्यापासून आहे, आणि गोण्या दोघांनीही सारख्याच उचलल्या होत्या. केंद्राने हा मुद्दा न ताणण्याचा सल्ला दिला. तो धरला असता तर ३८ दिवसांचे पैसेही लांबणीवर पडले असते, हे त्यांचे कारण व्यवहाराला धरून होते, आणि अक्कालाही ते पटले. मला ते पटत नाही. प्रत्येक बाईने आपापल्या अडचणीपुरते हे शंभर रुपये सोडून दिले, तर पुढच्या इमारतीवरही तोच दर लागणार.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. बैठकीची तारीख कळवण्यासाठी केंद्राने अर्जावरच्या क्रमांकावर फोन केला, आणि तो क्रमांक नवऱ्याचा होता. त्याला तोपर्यंत काहीच माहीत नव्हते. त्या रात्री अक्काच्या खोलीत काय झाले ते मी येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही, एवढेच सांगते. मी केंद्रात जाऊन स्पष्ट शब्दांत बोलले. त्यांनी चूक मान्य केली आणि आता अर्जावर, फोन कुणाचा आहे व कोणत्या वेळी केलेला चालेल, अशी एक ओळ वाढवली आहे. ज्या ठिकाणी घरच्या हिंसाचाराच्या तक्रारीही येतात, तिथे ही ओळ पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

बाकड्यावर बसून वाट पाहताना इतर जणींचे प्रश्न कानावर पडतात, कारण दोन खोल्यांच्या मध्ये दाराऐवजी पडदा आहे. हीसुद्धा एक उणीवच. पण त्यामुळेच मला या कामाची व्याप्ती कळली. झारखंडहून आलेली एक मुलगी एका घरात राहून काम करीत होती आणि मालकिणीने तिचे आधार कार्ड स्वतःच्या कपाटात ठेवले होते. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारात ओळखपत्रे कामगाराच्याच ताब्यात असावीत असे लिहिले आहे. भारताने त्या कराराला अद्याप मंजुरी दिलेली नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर घरकामगार स्त्रीला २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली, बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्याच न्यायालयात अर्ज करता येतो, गावाकडे जावे लागत नाही. ही गोष्ट ऐकताच बाकड्यावरची एक म्हातारी एकदम उभी राहिली आणि तिने ती पुन्हा सांगायला लावली.

आतल्या भिंतीवर घटनेचे २१ वे कलम मराठी, कोंकणी आणि कन्नडमध्ये लावले आहे. त्यातला शब्द 'नागरिक' नसून 'व्यक्ती' आहे, म्हणजे जीविताचे संरक्षण परदेशातून आसऱ्याला आलेल्या स्त्रीलाही आहे. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे अशा स्त्रियांना या एका शब्दाचा मोठा आधार असतो. आपल्याकडे उत्तर गोव्याच्या किनारपट्टीत दुकाने लावणाऱ्या तिबेटी बायका आपण वर्षानुवर्षे पाहतो, पण त्यांच्या नोंदणीपत्राचे काय होते हे आपण कधी विचारलेले नाही.

वास्कोत असे केंद्र असावे याला आणखी एक कारण आहे. २००४ च्या जून महिन्यात, पावसाच्या दिवसांत, बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडण्यात आली. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर काही नावांपुढे मी आठवडाभर गैरहजर असे लिहीत राहिले आणि नंतर ती नावे कमी झाली. त्या मुलांच्या आयांचे जे काही कागद होते, त्यांच्यावरचा पत्ता पाडलेल्या घराचा होता. आजही 'भायली', म्हणजे बाहेरची, म्हणून ज्यांना हिणवले जाते, त्या बायका पंधरा-वीस वर्षे इथेच राहिलेल्या असतात. पण गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गृहआधारसारख्या सरकारी योजनेला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो भाडेपावतीवर नाव नसलेली बाई देणार कुठून? अक्काच्या खोलीच्या मालकाला केंद्राने समजावून सांगितल्यावर त्याने यंदापासून पावतीवर दोन नावे घातली आहेत. मागची सोळा वर्षे त्यात मोजली जाणार नाहीत.

रेशनच्या बाबतीत मात्र काम झटपट झाले. कर्नाटक आणि गोवा २०२० च्या जानेवारीपासून एकमेकांची कार्डे मानतात, त्यामुळे सासूने गावी आपला वाटा उचलला तरी अक्काच्या कुटुंबाचा वाटा इथल्या दुकानात मिळतो. ठसा न उमटल्यास थोरल्या मुलीचे बोट चालते.

पाच ताऱ्यांपैकी मी चार देते. एक तारा त्या फोनसाठी आणि पडद्यासाठी कापला आहे. पडद्याच्या जागी दार बसवायला फार खर्च येणार नाही, आणि तो उचलायला आमच्यासारखे शेजारी तयार आहेत, हे मी त्यांना कळवले आहे. केंद्र गुरुवारी दुपारी आणि रविवारी सकाळी उघडे असते; मजूर बायकांना रविवारही पुष्कळदा मोकळा नसतो, म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ तरी वाढवावी. ज्यांना वास्कोला येणे शक्य नाही त्यांनी १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही. महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ आहे. केंद्रात जाताना असतील ते सगळे कागद न्यावेत, फाटके असले तरी, आणि मजुरीचा हिशेब कोळशाने भिंतीवर लिहिला असेल तर त्याचा फोटो काढून न्यावा. मुलांना बरोबर नेणार असाल तर थोडा खाऊ जवळ ठेवावा, कारण नंबर लागेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात.