पेपर होते, पण ते आमच्या पिल्लाचे नव्हते

गेल्या डिसेंबरात लाडू आमच्या घरी आला आणि सहाव्या दिवशी गेला. नाशिकमध्ये कोणी कुत्र्याचं पिल्लू घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा, म्हणून लिहितेय.

लेक दोन वर्षं मागे लागली होती. लॅब्रॅडॉर पिल्लाची एक जाहिरात दिसली, ‘हेवी बोन लॅब, चॅम्पियन ब्लडलाइन, केसीआय पेपरसह, २२ हजार’. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांच्या वंशाची नोंद ठेवणारी संस्था. फोन केला. माणूस गोड बोलणारा. ‘‘ताई, आमचं फार्म दिंडोरीच्याही पुढे आहे, तुम्हाला लांब पडेल. मीच मुंबई नाक्याला आणून देतो.’’ पिल्लाची आई बघायचीय म्हटलं, तर म्हणाला, ‘‘पिल्लं आहेत ना, अनोळखी माणूस दिसला की अंगावर येते.’’ मला ते पटलं. व्हॉट्सॲपवर फोटो आले. आई-बाप दोघंही पिवळे, टोपलीत सहा पिल्लं, पाच पिवळी आणि एक काळं.

मुंबई नाक्यावर त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू काढलं आणि लेकीच्या हातात ठेवलं. तिने ते लगेच स्वेटरच्या आत घेतलं. त्यानंतर मी कागद काय बघणार! प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट होतं, लसीचं कार्ड होतं. मी फोनपे केलं आणि आम्ही इंदिरानगरला घरी आलो.

दुसऱ्या रात्री त्याने दुधाला तोंड लावलं नाही. सकाळी उलटी, मग रक्ताचे जुलाब. तो वास अजून माझ्या नाकात आहे. गंगापूर रोडच्या दवाखान्यात नेलं. टेस्ट केली, पार्व्हो निघाला, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि म्हणाले, ‘‘लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. हा आजार तो तिथूनच घेऊन आलाय.’’ लसीच्या कार्डावर नुसती पेनाची खूण आणि पुसट शिक्का होता. बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर कार्डावर चिकटवतात, तो कुठेच नव्हता.

मग त्यांनी लाडूचं तोंड उघडून मला दाखवलं. कागदावर वय होतं नऊ आठवडे. आठ आठवड्यांपर्यंत दुधाचे २८ दात आलेले असतात. लाडूच्या मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या. ‘‘जेमतेम पाच आठवड्यांचा आहे हो,’’ डॉक्टर म्हणाले. एवढ्यात त्याला आईपासून तोडायलाच नको होतं.

सर्टिफिकेटवर मायक्रोचिपचा, म्हणजे कुत्र्याची ओळख पटवणाऱ्या बारीक चिपचा, पंधरा आकडी नंबर होता. चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते. डॉक्टरांनी स्कॅनर मानेपासून शेपटीपर्यंत दोनदा फिरवला. काहीच वाजलं नाही. कागद कुठल्यातरी कुत्र्याचा असेलही, आमच्या पिल्लाचा नव्हता.

मी तो टोपलीचा फोटो दाखवला, तर डॉक्टर काळ्या पिल्लावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे या दोघांचं असू शकत नाही.’’ लॅबचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, त्याच्या दोन्ही प्रती पिवळ्या कुत्र्यात असतात. म्हणून आई-बाप दोघं पिवळे असले की सगळी पिल्लं पिवळीच होतात. काळ्या जोडीला पिवळं पिल्लू होऊ शकतं, पिवळ्या जोडीला काळं होत नाही. म्हणजे ते फोटोतले आई-बापही कुठून तरी उचललेले. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर, हा विचार अजून सुटत नाही.

लाडू तीन दिवस झुंजला. औषधपाण्याला चौदा हजार गेले, त्याचं दुःख नाही. लेक अजूनही त्याची वाटी उचलू देत नाही. तो माणूस आधी ‘‘तुम्ही काहीतरी खायला घातलं असेल’’ म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. पोलिसात अर्ज दिलाय.

यासाठी २०१७ सालचे केंद्राचे नियम आहेत, मला ते नंतर कळले. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षातून एकदाच, आयुष्यात पाचच वेळा. जो आई दाखवत नाही, त्याने यातलं काय पाळलंय हे तुम्हाला कळणार कसं? केसीआयचा कागदही फक्त वंशाची नोंद सांगतो, पिल्लाच्या तब्येतीची हमी देत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना जर्मन शेफर्ड घ्यायचाय. मी त्यांना सांगितलं, विकणाऱ्याला पिल्लू घेऊन थेट दवाखान्यात बोलवा, स्कॅनर आहे का ते तिथे आधी फोन करून विचारा, आणि चिपचा नंबर कागदाशी आकडा न् आकडा जुळेपर्यंत फोनपे उघडू नका. त्यांनी तसं कळवलं, तर त्या माणसाने परत फोनच केला नाही. आणि घरात आधी एखाद्या पिल्लाला पार्व्हो होऊन गेला असेल, तर ब्लीचने फरशी धुतली तरी काही महिने नवीन पिल्लू आणू नका. विषाणू तेवढे दिवस टिकतो.