पाणी तपासणीचा शालेय संच: पेल्यासाठी ठीक, नदीसाठी अपुरा

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना जलसुरक्षा हा विषय वर्गाबाहेर, मांजरा नदीच्या काठी शिकता यावा, या हेतूने लातूर जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेने एका शैक्षणिक साहित्य विक्रेत्याकडून पाणी तपासणीचा संच घेतला. पावसाळा आणि उन्हाळा या दोन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

पेटीत सामू (पीएच), गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट आणि उर्वरित क्लोरीन यांच्या चाचण्यांची रसायने, रंगतक्ते आणि जिवाणूंच्या तपासणीसाठी हायड्रोजन सल्फाइडच्या (दूषित पाण्याने काळ्या पडणाऱ्या) बाटल्या आहेत. मराठी माहितीपुस्तिका सचित्र आणि नेमकी असल्याने किती थेंब टाकायचे, किती वेळ थांबायचे, हे मुलांना पुन्हापुन्हा विचारावे लागत नाही.

सर्वांत उपयोगी ठरली ती नायट्रेटची चाचणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी तीत सवलत नाही. गावाच्या वरच्या अंगाची विहीर, उसाच्या फडातील विहीर आणि नदीपात्र यांचे नमुने शेजारी ठेवले की चर्चा आपोआप शेतीकडे वळते: पिकाने न उचललेले युरियातील नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळते, मातीला फारसे धरून राहत नाही आणि मोकाट पाण्याबरोबर खाली झिरपते. गोठा आणि शोषखड्डा यांचाही त्यात वाटा असतो, हे मुलांनीच सुचवले. पाणलोट म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा चांगला पाठ मला सापडलेला नाही.

मात्र पुस्तिका इथपर्यंत येतच नाही. ती प्रत्येक चाचणीचा शेवट ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ या शेऱ्याने करते आणि नदीला हा शेरा लावून काहीच हाती लागत नाही. हायड्रोजन सल्फाइडची बाटली नदीच्या पाण्याने एक-दोन दिवसांत काळी पडणार, हे आधीच ठाऊक असते. दूषितता किती, हे ती सांगत नाही. नदीच्या प्रकृतीसाठी विरघळलेला प्राणवायू मोजायला हवा आणि नेमकी तीच चाचणी संचात नाही. 30 अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात तो लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानासाठी किमान 5 आणि मत्स्यजीवनासाठी किमान 4 मिलिग्रॅम अपेक्षित आहे. बंधाऱ्यात उन्हाळाभर तुंबलेल्या पाण्याबद्दल बोलायचे, तर या आकड्यांवाचून बोलणे अंदाजपंचे होते.

दुसरी उणीव प्रवाहाची. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावणारी मांजरा धनेगावच्या धरणातून लातूरकडे येते, पुढे तेरणा तिला मिळते आणि 724 किलोमीटरचा प्रवास करून ती तेलंगणात गोदावरीत विलीन होते. या खोऱ्याचा साधा नकाशाही पेटीत नाही. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलांना पाण्याचा दर्जा शिकवायचा आणि पाणी वाहते किती, हे विचारायचेच नाही, हे खटकते. वास्तविक मोजपट्टी, घड्याळ आणि पाण्यावर तरंगणारे एखादे लिंबू एवढ्यावर प्रवाहाचा वेग काढता येतो. पुस्तिकेत त्याला एक पान पुरले असते.

वापरातील अडचणी थोडक्यात सांगतो. रंगतक्ता थेट उन्हात धरल्यास दोन छटांतील फरक कळत नाही, सावलीत वाचावा. रसायनांना मुदत असते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली क्लोरीनची रसायने मुदतीआधीच निकामी झाली. वापरलेली रसायने कुठे ओतायची, याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही आणि पर्यावरण शिक्षणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीत ही चूक अक्षम्य आहे. आम्ही ही रसायने स्वतंत्र कॅनमध्ये साठवतो.

शाळेचा हौद, गावची टाकी आणि बोअर तपासण्यापुरता संच हवा असेल, तर जरूर घ्यावा. नदीवर काम करायचे असेल, तर विक्रेत्याकडे विरघळलेल्या प्राणवायूची चाचणी स्वतंत्र मागावी आणि संपलेल्यांच्या जागी भरायची रसायने जूनमध्ये, शाळा सुरू होतानाच मागवावीत. दिवाळीनंतर मागवलेली आमच्या हाती परीक्षा संपल्यावर पडली.